अंगावरच्या गांधी मागाहून, श्वास आधी: लहान मुलाला खाण्याची तीव्र ॲलर्जी झाली तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मूल खाता खाता ओठ चोळायला लागतं. गालावर लाल उठतं. पुढे आपल्याकडे बहुतेक घरांत असं होतं: कोणीतरी म्हणतं, "पित्त उठलंय." अंगाला आमसुलाचं पाणी लावतात. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. कपाटातून सिट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीच्या औषधाची, बाटली शोधून अर्धा चमचा पाजतात. मूल ओकतं, तेव्हा "बरं झालं, बाहेर पडलं" म्हणून सगळे जरा निवांत होतात. मग मूल गप्प पडतं, आणि "दमलं बिचारं, झोपू दे" असं म्हणत आणखी दहा मिनिटं जातात. त्यानंतर मोटारसायकल निघते.

माया सगळ्यांचीच असते. चुकतो तो क्रम.

मी स्वतः तो पुरता चुकवलेला आहे. मुलगी चौदा महिन्यांची होती. कोरेगाव तालुक्यात नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. तिला नुसता दहीभात भरवला, पण चमचा आधी काकडीच्या कोशिंबिरीत जाऊन आलेला होता आणि कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट होतं. पंचवीस मिनिटं दुचाकीवर तिला खांद्याशी उभी धरून नेली. पहिल्या दवाखान्यात एव्हिल हे ॲलर्जीचं औषध आणि स्टिरॉईडचं इंजेक्शन दिलं. ॲड्रेनालिन, म्हणजे अशा वेळी सगळ्यात आधी द्यायचं औषध, मिळालं ते दुसऱ्या ठिकाणी. ती वाचली. नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी कागदावर क्रम लिहून दिला आणि तो पाठ करायला लावला.

कोणत्या मुलासाठी घरी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन ठेवायचं आणि किती द्यायचं, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते ठरल्यावर घरात काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

## टप्पा १: "पित्त" हा शब्द सोडा आणि मूल बघा

अंगावर गांधी उठल्या की आपण पित्त म्हणतो, आणि पित्त म्हटलं की घरगुती उपाय आलेच. सगळा उशीर या एका शब्दात आहे. गांधी त्रास देतात, जीव घेत नाहीत. जीव जातो तो घसा सुजल्याने, श्वासनळ्या आवळल्याने किंवा रक्तदाब कोसळल्याने. दहांतल्या एखाद-दोन मुलांना तर अंगावर काहीच उठत नाही, थेट श्वास लागतो किंवा मूल गळून जातं. म्हणून "अंगावर काही नाही, म्हणजे ॲलर्जी नाही" हेही खोटं.

त्रास बहुतेक वेळा खाल्ल्यावर काही मिनिटांत सुरू होतो, फार तर दोन तासांत. तेवढ्या वेळात या दोन नियमांनी बघा.

पहिला नियम. यातलं एक जरी दिसलं तरी तीव्र ॲलर्जी समजायची:

- श्वास घेताना आवाज येतोय, घरघर आहे, खोकला थांबत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय
- आवाज बसला, रडण्याचा सूर बदलला, लाळ गिळता येत नाही, जीभ सुजली
- मूल अचानक पांढरंफटक पडलं, गळून गेलं, हाक मारल्यावर नीट बघत नाही

दुसरा नियम. शरीरात दोन ठिकाणी एकदम त्रास. गांधी आणि पुन्हा पुन्हा उलट्या, किंवा ओठ-पापण्यांना सूज आणि खोकला. एकेकटं असताना किरकोळ वाटतं, जोडीने आलं की तीव्र.

तान्ही मुलं सांगू शकत नाहीत. कानाजवळ हात मारणं, जीभ सारखी बाहेर काढणं, न थांबणारं रडणं आणि मग एकाएकी शांत होणं, हे त्यांचं सांगणं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तळहात बघा, ओठ उलटून आतली बाजू बघा.

> तपासा: खाल्ल्यानंतर तासाभरात मूल अवेळी झोपलं तर उठवून बघा. उठून कुरकुरलं तर ठीक. उठतच नाही किंवा मान टाकतंय, तर टप्पा ५ लगेच सुरू करा.

नुसत्या चार-दोन गांधी आहेत, बाकी मूल खेळतंय, तर डॉक्टरांनी सांगितलेलं ॲलर्जीचं औषध द्या आणि दोन तास मुलाजवळून हलू नका. इंजेक्शनची पिशवी हाताशी असू द्या.

घास अडकण्याशी याची गल्लत होते. घास अडकला तर मूल खाता खाता एका क्षणात घुसमटतं, आवाज फुटत नाही, अंगावर काही उठत नाही. तिथे पाठीवर थापा मारून घास काढायचा असतो. ते तंत्र वेगळं आहे, पण तेही डॉक्टरांकडून याच भेटीत शिकून घ्या.

## टप्पा २: एक कागद तयार करा

वेळ आली की डोकं चालत नाही. कागद चालतो. एकच पान, मोठ्या अक्षरात, मराठीत, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह. त्यावर मुलाचं नाव, वजन आणि वजन केल्याची तारीख, कशाची ॲलर्जी, दमा आहे की नाही, वरचे दोन नियम, ॲड्रेनालिन किती मिलिलिटर, दुसरा डोस केव्हा आणि तीन फोन नंबर.

इथे सर्वांत जास्त चुका वजनात होतात. कागद दहाव्या महिन्यात केलेला असतो आणि मूल दोन वर्षांचं झालेलं असतं. दोन वर्षांच्या आत दर तीन महिन्यांनी वजन करा, पुढे सहा महिन्यांनी. अंगणवाडीत वजनकाटा असतो, तिथे सेविकाताई करून देतात.

कागदाच्या चार प्रती काढा: पिशवीत, फ्रीजवर, अंगणवाडीत किंवा शाळेत आणि आजोळी. फोनमध्ये फोटो ठेवा, पण त्यावर विसंबू नका. चार्जिंग नेमकं त्याच दिवशी संपतं.

## टप्पा ३: पिशवी भरा

परदेशात ॲड्रेनालिनचं पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही, मागवलं तर महाग पडतं. म्हणून आपल्याकडे बरेच डॉक्टर पालकांना ॲम्प्यूल (औषधाची काचेची बंद कुपी) आणि सिरिंज वापरायला शिकवतात. ॲम्प्यूल महाग नसते. अडचण येते ती घाबरलेल्या हातांनी ती फोडण्याची आणि नेमकं भरण्याची.

पिशवीत हे हवं:

- ॲड्रेनालिनच्या तीन ॲम्प्यूल. दोन डोससाठी दोन, आणि एक हातात फुटली तर म्हणून तिसरी
- १ मिलिलिटरच्या तीन सिरिंज आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या लांबीच्या सुया
- कापसाचे किंवा गॉजचे तुकडे
- टप्पा २ चा कागद आणि पेन
- दमा असेल तर इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी)

पिशवी भडक रंगाची घ्या. आमची भगवी आहे, कुठेही ठेवली तरी सापडते.

मेडिकलमधून आणल्यावर काउंटरवरच तीन गोष्टी तपासा.

पहिली, नाव. "नॉरॲड्रेनालिन" हे वेगळं औषध आहे, नाव सारखं वाटतं म्हणून गफलत होते.

दुसरी, ताकद. ॲम्प्यूलवर १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असं हवं. जुन्या लिखाणात यालाच १:१००० म्हणतात.

तिसरी, सिरिंज. "१ मिलिलिटरची संपली, ही घ्या, सारखीच आहे" म्हणून कोणी इन्सुलिनची दिली तर परत करा. लाल टोपीच्या इन्सुलिन सिरिंजवर १ मिलिलिटरला ४० रेघा असतात, केशरी टोपीच्या सिरिंजवर १००. घाईत आकडा चुकतो, शिवाय सुई आखूड असते आणि औषध स्नायूपर्यंत पोचत नाही.

डोसचं गणित डॉक्टर करतात, पण तुम्हाला ते कळायला हवं, म्हणजे लिहिताना झालेली चूक पकडता येईल. दर किलोला ०.०१ मिलिलिटर. १० किलोच्या मुलाला ०.१, १५ किलोच्या मुलाला ०.१५. लहान मुलांत एका वेळी ०.३ च्या वर जात नाहीत. म्हणजे आख्खी ॲम्प्यूल कधीच द्यायची नसते, दहा किलोच्या मुलाला तिचा दहावा भाग, मोठ्यालाही एक तृतीयांशाच्या आतच. "पूर्ण भरून देऊ, जोरात काम करेल" हा विचार दहापट डोस देतो. दट्ट्या कोणत्या रेघेवर थांबायला हवा, त्याचं चित्र डॉक्टरांकडून कागदावर काढून घ्या.

> सावधान: जत-आटपाडीचा, माण-खटावचा मे महिना या औषधाला सोसत नाही. स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याच्या घरात खिडकीशी पिशवी ठेवू नका. २५ अंशांच्या आसपास, अंधारात. फ्रीजरमध्ये कधीच नाही. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं. तपकिरी, गुलाबी किंवा गढूळ दिसलं तर बदला.

## टप्पा ४: रस्ता आधीच ठरवा

सगळ्यात मोठं हॉस्पिटल कुठे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: रात्री दोन वाजता ॲड्रेनालिन देणारा माणूस सगळ्यात जवळ कुठे आहे?

साताऱ्यात सिव्हिल आहे, कऱ्हाडला मोठी हॉस्पिटलं आहेत, सांगलीत सिव्हिल आणि मिरजेत तर दवाखान्यांची रांगच. पण तुम्ही पाटण खोऱ्यात किंवा जतच्या पलीकडच्या वाडीवर राहत असाल तर त्यांची नावं पाठ असून उपयोग नाही. तुमचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. लसीकरणानंतर एखाद्या बाळाला ॲलर्जी आली तर किंवा सर्पदंशाची लस देताना त्रास झाला तर ॲड्रेनालिनच लागतं, म्हणून ते तिथे असायला हवं. असेलच असं धरून चालू नका. एका दुपारी जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुलाचा कागद दाखवा आणि सरळ विचारा: "डॉक्टर, रात्री इथे कोण असतं? ॲड्रेनालिन कोणत्या कपाटात असतं?" मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, चिडतील. चहा पाजला.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत येते, पण तिला पत्ता सांगावा लागतो. "बंडूदादाच्या मळ्यात" हा पत्ता नव्हे. फाटा, देऊळ, दूध डेअरी, पाण्याची टाकी, अशा दोन खुणा कागदावर लिहून ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमुळे वाट अडते, त्यासाठी दुसरा रस्ता माहीत असू द्या. तापोळा-बामणोलीसारख्या कोयनेच्या पाण्याकाठच्या गावी मुक्काम असेल तर लाँच कधी बंद होते ते आधी विचारा, आणि पिशवीशिवाय तिकडे जाऊच नका.

## टप्पा ५: पहिली दहा मिनिटं

घरात दोन मोठी माणसं असतील तर एकाने मुलाला बघायचं आणि दुसऱ्याने फोन करायचा. एकच असेल तर क्रम खालीलप्रमाणे, फोन स्पीकरवर.

१. खाणं थांबवा. ओठांवरचं, तोंडात दिसणारं बोटाने पुसून काढा. घशात बोट घालून ओकायला लावू नका. मिठाचं पाणी, दूध, मध, काहीच पाजू नका.

२. आडवं करा. सपाट, पाय थोडे वर. श्वास लागला असेल आणि मूल आडवं होत नसेल तर पाय लांब करून बसवा. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर. तान्हं बाळ मांडीवर किंवा हातांवर आडवं धरा.

> सावधान: उभं करू नका, चालवू नका, खांद्याशी उभं धरू नका. रक्तदाब उतरलेला असताना उभं केलं तर हृदयाकडे रक्त परतत नाही आणि मूल तिथेच कोसळू शकतं. रडणारं मूल खांद्यावर घ्यायचं, ही आपल्या हातांची सवय आहे. ती मुद्दाम मोडावी लागते.

३. ॲड्रेनालिन द्या. दोन नियमांपैकी एक लागू झाला की लगेच. "आणखी पाच मिनिटं बघू" नाही.

 - ॲम्प्यूलच्या टोकातलं औषध टिचकी मारून खाली आणा. मान गॉजमध्ये धरून, ठिपका आपल्याकडे ठेवून, टोक पलीकडे मोडा.
 - सिरिंजमध्ये भरा, हवा काढा, दट्ट्या कागदावरच्या रेघेवर आणा. दुसऱ्या माणसाला आकडा मोठ्याने वाचून दाखवा.
 - जागा: मांडीची बाहेरची बाजू, कंबर आणि गुडघ्याच्या मधोमध. कुल्ला नाही, दंड नाही. पातळ कापडातून चालतं, पण खिशावरून किंवा जाड शिवणीवरून नको.
 - मुलाचा पाय घट्ट धरा. पाय झटकला तर सुईने कापतं. सुई सरळ आत, औषध सोडा, तीन आकडे मोजा, बाहेर काढा.

नंतर मूल फिकट दिसेल, थरथरेल, छाती धडधडेल. औषधाचं काम चालू असल्याची ती खूण आहे, थोड्या वेळाने ओसरते. पालकांना या इंजेक्शनची भीती वाटते, मलाही वाटायची. डॉक्टर एका वाक्यात म्हणाले: ठरलेला डोस मांडीत दिल्याने होणारा त्रास तात्पुरता असतो, न दिल्याने होणारा कायमचा असू शकतो.

४. वेळ लिहा. हाताच्या तळव्यावर, पेनने. कागद शोधत बसू नका.

५. १०८ ला फोन. पहिलंच वाक्य: "लहान मुलाला खाण्याची तीव्र ॲलर्जी झालीय, श्वास लागलाय, ॲड्रेनालिन दिलंय." मग पत्ता आणि खुणा. आरोग्य केंद्र दहा मिनिटांवर असेल आणि दारात चारचाकी असेल तर वाट बघत बसू नका, मुलाला मागच्या सीटवर आडवं घेऊन निघा आणि १०८ ला कुठे भेटायचं ते सांगा. दुचाकी हा शेवटचा पर्याय. घरात इंजेक्शनच नसेल तर ही पाचवी पायरी तुमची तिसरी होते.

६. पाच मिनिटांनी पुन्हा बघा. श्वास, रंग, शुद्ध. सुधारणा नसेल किंवा पुन्हा बिघडत असेल तर दुसरा डोस, दुसऱ्या मांडीत, नवीन सिरिंजने. मूल हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही, हाताने शिकावं लागतं.

७. बाकीची औषधं आता. दमा असेल तर इन्हेलर. मूल पूर्ण शुद्धीत आणि गिळू शकत असेल तरच ॲलर्जीचं पातळ औषध. ते खाजेसाठी आहे. घशाची सूज किंवा उतरलेला रक्तदाब त्याने सुधारत नाही. स्टिरॉईडला तर काम सुरू करायलाच काही तास लागतात.

बहुतेक घरांत सातवी पायरी पहिली केली जाते आणि तिसरी कधीच होत नाही.

## टप्पा ६: दवाखान्यात गेल्यावर

डॉक्टरांपुढे आपण गप्प बसतो, "त्यांना कळतं" म्हणून. इथे बोलायचं. चार वाक्यं पाठ ठेवा:

"वय तीन वर्षं, वजन १३ किलो. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आठ वाजून दहा मिनिटांनी खाल्लं, पाच मिनिटांत उलटी आणि घरघर सुरू झाली. आठ अठराला ॲड्रेनालिन ०.१३ मिलिलिटर मांडीत दिलं."

सोबत कागद पुढे करा. घरी इंजेक्शन दिलेलं नसेल आणि समोर सलाईनची तयारी चालू असेल, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा: "डॉक्टर, ॲड्रेनालिन आधी द्यायचं ना?" आमच्या बालरोगतज्ज्ञांची सही बघून पुढच्या वेळी कोणी रागावलं नाही.

मूल अर्ध्या तासात हसायला लागतं आणि घरचे "चला" म्हणतात. थांबा. काही मुलांत पुन्हा काहीही न खाता त्रास उलटतो. कमीत कमी चार ते सहा तास देखरेख हवी. दोन डोस लागले असतील, दमा असेल किंवा घर दूर असेल तर रात्रभर राहायला सांगतात. राहा. निघताना नवीन ॲम्प्यूलची चिठ्ठी घ्या, रिकामी पिशवी घेऊन घरी जाऊ नका.

## टप्पा ७: नंतरचा आठवडा

त्याच दिवशी लिहून काढा: काय खाल्लं, किती, किती वाजता, कोणत्या क्रमाने काय झालं. पाकीट असेल तर ते जपून ठेवा, गांधींचा फोटो काढून ठेवा. ॲलर्जीच्या डॉक्टरांना हीच माहिती तपासणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तपासणीतली मोठी चूक म्हणजे शंभर पदार्थांचं पॅनेल करणं. त्वचेवर टोचून केलेली किंवा रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिद्रव्याची) तपासणी "शरीराने हा पदार्थ ओळखलाय" एवढंच सांगते. मूल तो पदार्थ रोज बिनत्रास खात असेल तर अहवाल काहीही म्हणो, ॲलर्जी नाही. असे अहवाल घेऊन गहू, डाळी, दूध, अंडी सगळं बंद केलेली हडकुळी मुलं मी पाहिली आहेत. आयजीजी या दुसऱ्या प्रतिद्रव्याची तपासणी तर या कामासाठी निरुपयोगीच.

दुधाची ॲलर्जी असेल तर गावात हमखास सल्ला मिळतो, "शेळीचं दूध द्या, हलकं असतं." देऊ नका. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, गाईचं न सोसणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचंही सोसत नाही. अंगावर पाजणं चालू ठेवा, वरचं काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

दूध आणि अंड्याची ॲलर्जी बरीच मुलं मोठी होता होता मागे टाकतात. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाची जाते. गेली का, हे घरी चाखवून बघायचं नाही. ती चाचणी इंजेक्शन तयार ठेवून दवाखान्यातच करतात.

## टप्पा ८: शेंगदाणा कुठे लपतो

सातारा-सांगलीत राहून शेंगदाणा टाळायचा म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का टाळण्यासारखं आहे. खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, म्हाद्या, शेंगाची चटणी हे माहीत असतं. फसवतात ते दुसरेच: पालेभाजीत टाकलेलं मूठभर कूट, आमटी दाट करायला लावलेलं वाटण, भडंगातून दाणे वेचून दिलेले चुरमुरे, कूट ज्या मिक्सरच्या भांड्यात केलं त्याच भांड्यातली खोबऱ्याची चटणी, लाकडी घाण्याचं तेल. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ राहत नाही, घाण्याच्या तेलात राहतं. मिठाईवरचा "पिस्ता" कधी कधी हिरवा रंगवलेला शेंगदाणा असतो, हेही लक्षात असू द्या.

नातेवाइकांना "यात कूट आहे का?" असं विचारू नका. उत्तर येतं, "नाही गं, थोडंसंच." त्याऐवजी विचारा: "काकू, यात काय काय घातलंय?" मग त्या कौतुकाने सगळं सांगतात आणि कूट आपोआप बाहेर येतं.

उपवासाचे आणि सणांचे दिवस सर्वांत धोक्याचे. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, संक्रांतीचा तिळगूळ, पालखीच्या वाटेवर लोणंद-फलटणला हातात पडणारी चिक्की आणि लाडू. प्रसाद नाकारला की माणसं दुखावतात. आमच्याकडे मुलगी प्रसाद दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि आईच्या पिशवीत टाकते. आजवर कोणी काही बोललं नाही.

पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे दूध, अंडी, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचफळं, सोया, मासे, कोळंबी-खेकडे आणि ग्लुटेन असलेली धान्यं वेगळी नमूद करावी लागतात. तीळ त्या यादीत नाही, म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची पूर्ण यादी वाचा. हिरव्या ठिपक्याचा अर्थ मांस, मासे, अंडं नाही एवढाच, दुधाबद्दल तो काही सांगत नाही. कंदी पेढ्याच्या बॉक्सवरही ठिपका हिरवाच असतो. सुट्या मिठाईला लेबलच नसतं, ती सरळ टाळा.

> तपासा: महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाऊन नुसतं तोंडाभोवती लाल झालं, तासाभरात गेलं, बाकी काही नाही? बहुतेक वेळा रसाने कातडी चुरचुरलेली असते. डॉक्टरांना सांगा, पण लगेच यादीत घालू नका.

## टप्पा ९: अंगणवाडी, शाळा आणि आजोळ

"हिला शेंगदाणे देऊ नका" हे वाक्य पुरत नाही. सेविकाताईंसोबत पंधरा मिनिटं बसा, कागद वाचून दाखवा, पिशवी कुठे टांगायची ते ठरवा. कुलूपबंद कपाटात नको. कोण इंजेक्शन देणार आणि कोण फोन करणार, ही दोन नावं लिहून घ्या. पोषण आहारात कोणत्या दिवशी काय असतं ते विचारा आणि त्या दिवसाचा डबा तुम्ही द्या. वाढदिवसाच्या खाऊसाठी बिस्किटांचा तुमचा पुडा तिथेच ठेवा, म्हणजे मूल एकटं पडत नाही.

आजीला घाबरवू नका, काम द्या. आमच्या सासूबाई आता दृष्टही काढतात आणि वेळही बघतात: इंजेक्शन झालं की घड्याळ त्यांच्याकडे.

## टप्पा १०: नवीन पदार्थ सुरू करताना

धाकट्या भावंडाला भीतीपोटी दोन वर्षं शेंगदाणा-अंडं दाखवायचंच नाही, ही उलटी चूक. उशीर केल्याने धोका कमी होत नाही. ज्यांना जास्त धोका आहे अशा तान्ह्या मुलांवरच्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षात शेंगदाणा सुरू केलेल्यांत त्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी कशाने तरी त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत, एका वेळी एकच नवीन पदार्थ, बाळ बरं असताना, सकाळी, घरी. अंडं पूर्ण उकडलेलं. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत पातळ करून, आधी चमच्याच्या टोकावर. आख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, तो घशात अडकतो. दोन तास बघा. सोसला तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, मध्येच सोडू नका.

जत्रेत, एसटीत किंवा लग्नाच्या पंगतीत नवीन पदार्थ पहिल्यांदा देऊ नका.

## सराव

दर महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे संत्रं येतं. मुदत संपलेली ॲम्प्यूल आणि नवी सिरिंज घेऊन घरातला प्रत्येक मोठा माणूस एकदा फोडतो, भरतो, संत्र्यात टोचतो. मी घड्याळ लावते. पहिल्यांदा नवऱ्याला चार मिनिटं लागली होती आणि बोट कापलं होतं. आता एका मिनिटाच्या आत होतं. संत्रं नंतर कोणी खायचं नाही, सुया झाकणाच्या डब्यात घालून आरोग्य केंद्रात देऊन यायच्या. नव्या ॲम्प्यूलची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने, महिनाभर आधीच्या चौकोनात लिहायची.